त्या पोरी काय खातात?

लातूर, रविवार

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल बुद्धिबळाच्या स्पर्धेत तामिळनाडूच्या पोरीकडून हरल्यावर फोनवर तू विचारलंस, "पप्पा, तामिळनाडूच्या पोरी काय खातात?" मी म्हणालो, इडली. तुला राग आला आणि तू फोन आईला द्यायला लावलास. रागात विचारला असलास तरी प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर फोनवर द्यायला मला जमत नाही. आज यार्ड बंद आहे, आडतीत सौदे नाहीत, म्हणून सविस्तर लिहायलोय. कागदांचे फोटो पाठवतो. उद्याची फेरी झाल्यावर वाचलंस तरी चालेल.

आधी तुझा हरलेला डाव. स्कोअरशीटवरून मी तो पटावर लावला. शेवटी तिच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, तुझ्याकडे नुसता हत्ती. तिचं प्यादं ई५ वर, राजा डी५ वर, तुझा राजा ई८ वर. इथं हत्ती सहाव्या रांगेत धरून ठेवायचा, म्हणजे तिच्या राजाला वर यायला वाट नाही. तिने प्यादं ई६ वर ढकललं की मगच हत्ती पार पहिल्या रांगेत न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. प्यादं पुढे गेल्यामुळे तिच्या राजाला आडोसा उरत नाही, डाव बरोबरीत सुटतो. हा बचाव फिलिडोर नावाच्या फ्रेंच माणसाने १८व्या शतकात लिहून ठेवलाय आणि तुझ्या निळ्या वहीत तो तुझ्याच अक्षरात आहे. तू हत्ती एक चाल आधी खाली नेलास. प्यादं ई५ वरच होतं, राजा डी६ वर घुसला आणि बचाव अवघड होऊन बसला.

म्हणजे तुला येत नव्हतं असं नाही. वहीत होतं, पाच तास खेळून थकलेल्या हाताला आठवलं नाही. तिच्या चाली मात्र "पटापट पडायल्या होत्या" असं तूच सांगितलंस. त्या पोरीने हा शेवट दोन्ही बाजूंनी कुणासमोर तरी बसून इतक्यांदा खेळला असणार की तिला तो आठवावाच लागला नाही. त्या पोरी काय खातात, तर मार खातात. रोज संध्याकाळी त्यांना हरवणारं माणूस समोर असतं, आणि हरवल्यावर "हे काय केलंस" म्हणून पुन्हा मोहरी लावायला बसवतं. माझ्या मते निम्म्याहून जास्त गोष्ट इथंच संपते.

चेन्नईचंच बघ. मॅन्युएल एरन यांनी राष्ट्रीय विजेतेपद ९ वेळा मिळवलं, १९६१ साली ते भारताचे पहिले इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या एक पायरी खालचा किताब) झाले. पण मला त्यांचं मोठं काम वेगळंच वाटतं. १९७२च्या सुमारास त्यांनी तिथल्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात माजी जगज्जेते मिखाइल ताल यांच्या नावाने क्लब सुरू केला. बसायला जागा, रशियन पुस्तकं आणि समोर खेळायला माणसं. विश्वनाथन आनंद पोरगेला असताना तिथं जायचा. झटपट डाव चालायचे, हरला तो उठायचा, जिंकलेला खुर्चीवर कायम. उठायचं नसेल तर जिंकायचं, एवढाच अभ्यासक्रम. आनंदने १९८६ साली राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, पुढची दोन वर्षंही सोडलं नाही आणि १९८८ला भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. त्याच्याकडे बघून पोरं आली, त्यातली काही पुढे शिकवायला लागली. आर. बी. रमेश स्वतः ग्रँडमास्टर, त्यांनी शिकवायला घेतलं. त्यांच्या हाताखालच्या अरविंद चिदंबरमने २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ राष्ट्रीय स्पर्धा मारली, प्रज्ञानंदही त्यांचाच. एकाने दुसऱ्याला हरवत हरवत हे पन्नास वर्षं चाललंय.

आता तू म्हणशील, आपल्या महाराष्ट्रात काय होतं? अगं, सुरुवातच आपली. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रात एलुरूला झाली, तिथल्या दोन संयुक्त विजेत्यांपैकी एक आपले रामचंद्र सप्रे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ला नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं, आणि आयुष्यभर ते तिथं पोरांना खेळवत राहिले. भाग्यश्री साठे-ठिपसे त्याच सांगलीतल्या, ५ वेळा राष्ट्रीय विजेत्या. मुंबईचे प्रवीण ठिपसे ७ वेळा. आणि खाडिलकर भगिनी! वासंती, जयश्री, रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ला झाली ती वासंतीने जिंकली आणि पुढची कितीतरी वर्षं ते पद त्या एकाच घरात फिरत राहिलं. रोहिणी १३ वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा कोण गहजब झाला! शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला की बाई म्हणून कुणाला अडवता येणार नाही. तू उद्या खुल्या स्पर्धेत मोठ्या माणसांसमोर बसतेस ते त्या पोरीमुळे. पण मला त्यात दुसरंही एक दिसतं. तीन बहिणी, एक घर. हरल्यावर तणतणत निघून जायची सोय नाही, रात्री जेवायला एकाच पंगतीत.

२०१६च्या उन्हाळ्यात आपल्याला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, तू लहान होतीस. सांगली त्या मिरजेला खेटून. पाण्याची गाडी आली, तशी बुद्धिबळाची काही येणार नाही.

पण लातूरला हे कळत नाही असं मला कुणी सांगू नये. लातूर पॅटर्न, लातूर पॅटर्न म्हणून लोक नावाजतात आणि नावंही ठेवतात. दोन्ही ऐकून माझे कान किटलेत. त्यांना वाटतं नोट्स आणि सराव परीक्षा म्हणजे पॅटर्न. नोट्स तर आता कंधारलाही मिळतात. तरी नांदेड, बीड, परभणी, धाराशिवची पोरं ट्यूशन एरियात खोली करून मेसचं खात का राहतात? शेजारच्या खोलीतल्या पोराला आपल्यापेक्षा वीस मार्क जास्त पडलेले दिसतात म्हणून. गावात पहिला येणारा इथं येऊन तीनशेवा होतो, आणि त्या धक्क्याने वर सरकतो. टॉपर कसे घडतात हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. बुद्धिबळाचं आपण ते केलं नाही, इतकंच.

फरक आहेच, नाही कशाला म्हणू. परीक्षेला आन्सर की असते. बुद्धिबळात ती आता मोबाइलमध्ये आली, आणि तिथंच तुझं माझं वाजतं. डाव संपून दोन मिनिटं झाली नाहीत तोवर तू इंजिन, म्हणजे चाली तपासणारं ॲप, लावतेस, ते म्हणतं इथं चुकलं, तू म्हणतेस हां चुकलं, आणि फोन बंद. गुकेशचे कोच विष्णु प्रसन्ना यांनी त्याला कितीतरी वर्षं इंजिन वापरू दिलं नव्हतं. बाकीचे सगळे वापरत असताना. तो ग्रँडमास्टर झाला तोवर स्वतःच्या डोक्यानेच हिशेब करत होता, आणि १८व्या वर्षी सिंगापूरला डिंग लिरेनला हरवून जगज्जेता. हा उपाय सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणत नाही. तू मात्र आधी वहीत लिही की हत्ती खाली नेताना मनात काय होतं. भीती होती की घाई, हे इंजिनला कळत नाही.

गंमत बघ, त्याच गुकेशच्या नावावर राष्ट्रीय विजेतेपद नाही. पहिल्या फळीतले आता वर्षभर परदेशात खेळतात, इकडे क्वचित येतात. म्हणून काही लोक राष्ट्रीय स्पर्धेला नाकं मुरडतात. मला पटत नाही. देशाचा पहिला खेळाडू कोण ते रेटिंगची, म्हणजे निकालांवरून ठरणाऱ्या गुणांची, यादी सांगते. पन्नासावा किती तगडा आहे ते या स्पर्धेत समजतं. तुला ज्या पोरीने हरवलं तिचं नाव तू आधी ऐकलंही नव्हतंस. तेच तर सांगायलोय.

पैशाचंही बोलतो, कारण आई तुझ्यापासून लपवते आणि मला ते आवडत नाही. गुकेशचे वडील नाक-कान-घशाचे सर्जन, पोराबरोबर फिरण्यासाठी त्यांनी प्रॅक्टिस थांबवली. नागपूरच्या दिव्या देशमुखचे आई-वडील दोघेही डॉक्टर. ग्रँडमास्टरसाठी २५०० रेटिंग आणि तीन नॉर्म, म्हणजे स्पर्धेतली ठरावीक कामगिरी तीनदा, लागतात, एकेका नॉर्मला किमान ९ डावांत २६००च्या तोडीचा खेळ, त्यातही समोरचे निदान एक तृतीयांश ग्रँडमास्टर असले पाहिजेत, शिवाय इतर देशांचे खेळाडू हवेत. असे खेळाडू लातुरात कुठून येणार? त्यांच्याकडे जावं लागतं, विमानाने. आडतीच्या हिशेबनिसाच्या पगारात ते बसत नाही, आणि यंदा सोयाबीनने गावाकडच्या चार एकरांचंही काही राखलं नाही. दिव्याने २०२५ला बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक घेतला आणि एकही नॉर्म नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. असं नियमात बसतं, पण त्यावर घर चालवायचं म्हणजे लॉटरीचं तिकीट काढून मुहूर्त धरण्यासारखं आहे. पुण्याला ठेवायचं तू म्हणालीस. मी नाही म्हटलेलं नाही. दहावीचा निकाल लागू दे, तुझं रेटिंग कुठं जातंय ते बघू, तोवर मी इकडे-तिकडे विचारून ठेवतो.

आणि लहान गावाचं रडगाणं एकदा बंद कर. अर्जुन एरिगैसी वरंगळचा. आपण आणि वरंगळ एकाच निजामाच्या राज्यातले, चेन्नई त्यालाही लांबच. २०२२ची राष्ट्रीय स्पर्धा त्याने कानपूरला जिंकली आणि २०२४च्या डिसेंबरात २८०० ओलांडले. आनंदनंतर भारतातून तो दुसराच.

आता काम सांगतो. वाचनालयाचा वरचा हॉल संध्याकाळी रिकामा असतो. सेक्रेटरींशी बोललो, ते हो म्हणाले, लाइटबिलाचं तेवढं बघायचंय. पट आपल्याकडे दोन आहेत, बाकीचे घेऊ. माणसं कोण, असं तू विचारशीलच. ट्यूशन एरियातल्या मेसवर मी चौकशी केली. पाच जिल्ह्यांतून आलेल्या या पोरांत रेटिंग असलेली, जिल्ह्याला-विभागाला खेळलेली कितीतरी आहेत. अकरावीला 'नीट'ची परीक्षा, 'नीट'ची परीक्षा म्हणून घरच्यांनी पट ट्रंकेत टाकायला लावला. रविवारी टेस्ट संपली की ती खोलीत पडून रील बघतात. त्यातला एक हिंगोलीकडचा, मला त्याने चहा पिता पिता वीस चालींत गुंडाळलं आणि वर "काका, उंट तसा बांधून घेऊ नका" म्हणून ऐकवलं. तो येतो म्हणालाय, आणखी चौघांना आणतो म्हणालाय. ते तुझ्यापेक्षा वरचढ असतील. तू महिनाभर नुसती हरशील आणि चिडून घरी येशील. आईला सांगून ठेवलंय की त्या वेळी मध्ये बोलायचं नाही.

तुझ्या शाळेतल्या पोरींनाही बोलावू, नाहीतर पंधरा पोरांत तू एकटी, ते आईला चालणार नाही आणि मलाही नाही. भाऊला मी फक्त मोहरी मांडायचं काम दिलंय. तो आतापासूनच स्वतःला सेक्रेटरी समजायला लागलाय.

राहिलेल्या फेऱ्यांत बरोबरी मिळत असली तर घे, लाजू नको.

तुझे
पप्पा

ता.क. निघण्याआधी आयोजकांकडून खेळल्याचं प्रमाणपत्र सहीशिक्क्यानिशी घे. हजेरीसाठी शाळेत लागणार आहे, आणि मागच्या वेळेसारखा मोबाइलमधला फोटो बाई धरणार नाहीत. परतीचं तिकीट कन्फर्म झालंय, एस-४, खालचा बर्थ. डब्यातल्या धपाट्यांना वास आला असेल तर खाऊ नकोस.