बिर्ला मंदिर पंधरा मिनिटांत उरकू नका

महोदय,

हैदराबाद सहलीवरच्या पुरवणीतील लेखात चारमिनार, गोवळकोंडा आणि बिर्याणी यांना भरपूर जागा मिळाली, बिर्ला मंदिर मात्र ‘हुसेनसागर छान दिसतो ती जागा’ एवढ्यावरच आटोपले. वाचून वाईट वाटले. सहलीच्या गाड्याही हेच करतात. धापा टाकत वर जायचे, दर्शन घ्यायचे, कठड्याशी उभे राहून तलावातला बुद्ध बघायचा आणि गाडी सुटेल म्हणून खाली पळायचे.

‘नवेच तर आहे, त्यात काय पाहायचे?’ असे लोक सर्रास म्हणतात. नौबत पहाडावर राजस्थानचा सुमारे दोन हजार टन पांढरा संगमरवर चढवून हे मंदिर बांधले. १९७६ मध्ये रामकृष्ण मिशनचे स्वामी रंगनाथानंद यांच्या हस्ते ते खुले झाले. गोपुर दाक्षिणात्य आणि शिखर ओडिशाच्या धाटणीचे, असा मेळ जुन्या मंदिरांत सहसा दिसत नाही.

आणि इथे घंटा नाही. आत शिरताना सवयीने हात वर जातो, वडील लेकराला उचलून धरतात आणि मग सगळे वर पाहत राहतात. मन शांत व्हावे म्हणून ती मुद्दामच ठेवलेली नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मग त्याच सभामंडपात मोठमोठ्याने हाका मारणे सुरू होते. मला ते फार खुपते.

मंदिर नवे असण्याचे मोल आपण मराठी माणसांनी तरी ओळखावे. पंढरपूरचा विठ्ठल सर्वांना भेटावा यासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. त्याआधी १९३९ मध्ये दिल्लीच्या बिर्ला मंदिराचे उद्घाटन गांधीजींनी केले ते सर्व जातींना प्रवेश असेल या अटीवरच. हैदराबादचे मंदिरही सर्वांना खुले आहे, भिंतींवर संतवचनांबरोबर गुरबानी कोरलेली आहे. ती वाचायला कोणी थांबत नाही, कारण थांबायला वेळच दिलेला नसतो.

सहल आयोजकांनी इथे किमान तासभर ठेवावा, तोही शक्यतो संध्याकाळचा. घंटा का नाही, हे गाडीतच सांगावे. आपल्या पुरवणीनेही या मंदिराच्या वास्तूवर एक स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, हैदराबाद