क्रिएटिनिन नॉर्मल आहे, पण किडनी किती वेगाने चालते आहे?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

डोक्याच्या गंभीर दुखापतींबद्दल वर्तमानपत्रांत जे वाचायला मिळते ते बहुतेक ऑपरेशन, कोमा आणि हेल्मेट यांविषयी असते. मी न्यूरो आयसीयूत बरीच वर्षे परिचारिका आहे आणि मला लिहायचे आहे ते या रुग्णांच्या किडनीबद्दल.

राउंडला ‘क्रिएटिनिन ०.८, किडनी ठीक’ असे म्हटले जाते आणि सगळे पुढच्या बेडकडे वळतात. (क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ, तो किडनी गाळून लघवीत टाकते.) नातेवाइकांनाही तेच सांगितले जाते, त्यांना हायसे वाटते. हा आकडा खोटा नसतो, पण अर्धीच गोष्ट सांगतो. मेंदूला जबर मार बसलेल्या तरुण रुग्णाची किडनी पहिल्या आठवड्यात पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्त वेगाने काम करत असते. दुखापतीच्या ताणाने अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढतात, हृदय जास्त रक्त ढकलू लागते. त्यात आम्ही सलाइन देतो, मेंदूची सूज उतरावी म्हणून मॅनिटॉल किंवा ३ टक्क्यांचे सलाइन देतो, रक्तदाब टिकवायला नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू असते. किडनीकडे जाणारे रक्त वाढते आणि गाळणेही वाढते. किडनी मिनिटाला किती रक्त क्रिएटिनिनपासून साफ करते, त्याला क्लिअरन्स म्हणतात; तो मिनिटाला १३० मिलिलिटरच्या वर गेला की डॉक्टर त्याला ‘ऑगमेंटेड रीनल क्लिअरन्स’ म्हणतात.

किडनी चांगली चालते, मग तक्रार कसली, असे कुणी विचारेल. तक्रार औषधांची आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की मेरोपेनेम, पायपरासिलिन, व्हँकोमायसिन असे अँटिबायोटिक सुरू होते. झटके येऊ नयेत म्हणून लेव्हेटिरासिटाम असते. ही सगळी मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतात. (फेनिटॉइनचे तसे नाही, ते यकृतात मोडते.) मेरोपेनेमसारखे औषध रक्तात पुरेशा प्रमाणात किती वेळ टिकते यावर त्याचा गुण अवलंबून असतो. वेगाने गाळणारी किडनी ते पुढच्या डोसच्या कितीतरी आधी काढून टाकते. डोस चार्टवर बरोबर असतो, वेळेवर दिलेला असतो, सही माझीच असते, आणि तरी ताप हटत नाही. अशा वेळी जंतू दाद देत नाहीत म्हणून औषध बदलले जाते. औषध पुरते आहे का, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा.

मग लॅबच्या रिपोर्टवरचा ईजीएफआर, म्हणजे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून सूत्राने काढलेला गाळण्याचा अंदाज, बघा, असे सुचवले जाते. पण काही रिपोर्टवर फक्त ‘९० पेक्षा जास्त’ एवढेच छापलेले असते. ९५ आणि १८० दोन्ही त्यात बसतात. क्लिअरन्सचा अंदाज काढायचे कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट हे १९७६चे सूत्र २४९ रुग्णांच्या मोजणीवरून बांधले गेले, तेही क्रिएटिनिन स्थिर असलेल्या. आमच्या रुग्णाच्या शरीरात पहिल्या आठवड्यात काहीच स्थिर नसते.

उपाय बेडखालीच लटकलेला असतो. बहुतेक रुग्णांना कॅथेटर (लघवीची नळी) असतोच. युरोबॅग रिकामी करून वेळ लिहायची, आठ तासांची लघवी जमवायची, तिचे आणि रक्ताचे क्रिएटिनिन पाठवायचे. समजा ८ तासांत, म्हणजे ४८० मिनिटांत, १२०० मिलिलिटर लघवी झाली, म्हणजे मिनिटाला अडीच मिलिलिटर. लघवीतले क्रिएटिनिन ५० आणि रक्तातले ०.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असेल तर अडीच गुणिले ५०, भागिले ०.८. उत्तर १५६. तेच ‘ठीक’ क्रिएटिनिन, पण डोसचा विचार आता वेगळा करावा लागतो. मेरोपेनेम तीन तास सावकाश चालवायचे की वाढवायचे, व्हँकोमायसिनची लेव्हल कधी पाठवायची, हे डॉक्टरांनी ठरवावे. त्यांच्या हातात आकडा हवा, एवढेच माझे म्हणणे.

ही मोजणी बिघडते ती शिफ्ट बदलताना. हँडओव्हरच्या गडबडीत बॅग ओतून टाकली जाते, किंवा वेळ अंदाजे लिहिली जाते. तेव्हा संकलनाचे आठ तास एकाच शिफ्टमध्ये बसवावेत आणि बॅगेवर ठळक चिठ्ठी लावावी.

उलट बाजूही विसरू नये, कारण याच रुग्णांची किडनी बिघडतेही. लघवी भरपूर होते म्हणून निर्धास्त राहणे इथे फार धोक्याचे आहे. मॅनिटॉलने लघवी वाढते, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसून डायबेटिस इन्सिपिडस (साखरेचा मधुमेह नव्हे, पातळ लघवी फार होण्याचा विकार) झाला तर बॅगा भरत राहतात, आणि त्याआड किडनी बिघडत असू शकते. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ने वाढले तरी ती किडनीला झालेली इजा धरतात, मग आकडा अजून ‘नॉर्मल’ रकान्यात का असेना. महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे स्नायू झडतात, क्रिएटिनिन तयारच कमी होते, आणि अशक्त किडनीही कागदावर छान दिसते. तिथे सिस्टॅटिन-सी या, स्नायूंवर फारशा न अवलंबणाऱ्या रक्तचाचणीची मदत होते, मात्र स्टेरॉइड चालू असतील तर तोही आकडा जपून वाचावा लागतो.

माझी विनंती साधी आहे. मेंदूच्या दुखापतीचा तरुण रुग्ण अँटिबायोटिकवर असेल तर पहिल्या आठवड्यात आठ तासांचा क्लिअरन्स निदान एक दिवसाआड मोजावा, आणि इनटेक-आउटपुट चार्टवर त्यासाठी छापील रकाना असावा. रकाना असला की सिस्टर तो भरतेच.

आपली,
न्यूरो आयसीयूतील एक परिचारिका