तबकडीचे श्रेय एमिल बर्लिनरचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जुन्या ध्वनिमुद्रिकांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र एडिसनच्या तबकडीमुळे आपले गायन घरोघरी पोहोचले, अशा आशयाचे त्यातील विधान दुरुस्त व्हायला हवे. एडिसनचा १८७७ चा फोनोग्राफ हे आवाज साठवून पुन्हा ऐकवणारे पहिले यंत्र, याबद्दल वाद नाही. पण त्यावर आवाज उमटे तो आधी कथलाच्या वर्खावर आणि पुढे मेणाच्या नळकांड्यावर. सपाट तबकडीचा ग्रामोफोन एमिल बर्लिनरचा. जर्मनीतील हॅनोव्हरमध्ये जन्मलेल्या आणि तरुणपणी अमेरिकेत गेलेल्या या गृहस्थाने त्याचे पेटंट १८८७ मध्ये मागितले.

फरक केवळ आकाराचा असता तर हे पत्र लिहिले नसते. नळकांड्यांच्या सुरुवातीच्या काळात गायकाला तेच गाणे अनेक यंत्रांपुढे पुनःपुन्हा म्हणावे लागे. एडिसनच्या कारखान्याची साच्यातली नळकांडी बाजारात आली ती १९०२ मध्ये. बर्लिनरने जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर दिला, सुईने त्यात नागमोडी रेघ ओढली, उघडा पडलेला पत्रा आम्लाने कोरला आणि त्यावरून विद्युतलेपनाने धातूचा उलटा साचा घेतला. साचा हाती आला की प्रेसमधून हव्या तितक्या तबकड्या काढता येत. गायक तोवर घरी जाऊन जेवून झोपला तरी काही बिघडत नसे. आम्लाची पद्धत पुढे मागे पडली आणि थेट मेणाच्या जाड थाळीवर ध्वनिमुद्रण होऊ लागले, पण साच्याचे तत्त्व तेच राहिले.

तबकडी कशाची करावी, हा प्रश्न सुटायलाही काही वर्षे गेली. कडक रबराच्या तबकड्या एकसारख्या उठत नसत. अखेर बटणे तयार करणाऱ्या एका अमेरिकन कारखान्याचे लाखेचे मिश्रण उपयोगी पडले. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या या मिश्रणातली पूड मुद्दामच खरखरीत असे, कारण पोलादी पिनेचे टोक घासून खाचेत नीट बसणे आवश्यक होते. दर बाजूला नवी पिन लावण्याची शिस्त त्यातूनच आली. ही लाख मुख्यतः भारताची, छोटा नागपूर आणि मिर्झापूरकडची, हे आपल्या लेखात यायला हवे होते.

लंडनची ग्रामोफोन कंपनी १८९८ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तबकड्या हॅनोव्हरमध्ये, बर्लिनरच्या भावाच्या टेलिफोन कारखान्याच्या आधाराने निघू लागल्या. कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करत होता. गौहरजानसारख्या कलावंतांचे आवाज त्याने मेणात उतरवले, ती मेणे बोटीने हॅनोव्हरला गेली आणि तयार तबकड्या पुढच्या वर्षी परत आल्या. म्हणजे लाख इथली, गळा इथला आणि कारखाना जर्मनीत. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते, ते परदेशातील कारागिरांना तबकडी ओळखता यावी म्हणून, असे सांगतात. त्या तबकड्या एकाच बाजूने वाजत. मागच्या कोऱ्या बाजूवर कंपनीची जुनी खूण, लेखणीने तबकडीवर रेघ ओढणारा देवदूत, उठावात असे. ज्यांच्या घरी अशी तबकडी असेल त्यांनी ती उलटून जरूर पाहावी.

तबकड्यांवरची कुत्र्याची खूण नंतरची, आणि गंमत म्हणजे तिच्या मूळ चित्रातही आधी एडिसनचेच यंत्र होते. फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराने आपला कुत्रा निपर नळकांड्याच्या फोनोग्राफपुढे बसलेला रंगवला होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने, यंत्र बदलून आपले रंगवले तरच चित्र घेऊ, अशी अट घातली. बॅरॉने जुन्या यंत्रावर नवे रंगवले, आणि चित्र व हक्क मिळून शंभर पौंडांना सौदा झाला. मूळ चित्रात रंगाखालचा फोनोग्राफ अजूनही जाणवतो, असे म्हणतात. लेखकाचा गोंधळ या चित्रावरून झाला असेल, तर तो क्षम्य आहे.

भारतातल्या उत्पादनाला लेखात एक ओळही मिळालेली नाही, ही उणीव मला अधिक वाटते. कंपनीने १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना काढला, त्यामुळे तबकड्यांचा परदेशचा फेरा संपला. पहिल्या महायुद्धात हॅनोव्हरची शाखा जर्मन सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून विकली आणि लंडनचा तिच्याशी संबंध तुटला. हिंदुस्थानी गाण्याची छपाई तोपर्यंत हॅनोव्हरवरच अवलंबून असती, तर काय झाले असते याची कल्पना करता येते. सियालदहनंतर हे काम डमडमच्या मोठ्या कारखान्यात गेले, आणि मराठी घरांत नाट्यपदांच्या व भावगीतांच्या ज्या ‘कुत्रा छाप’ तबकड्या आल्या, त्यांपैकी बहुतेक तिथल्याच होत्या.

लेखाचा पुढील भाग प्रसिद्ध होणार असल्याचे आपण कळवले आहे. त्यात बर्लिनरचे नाव यावे आणि सियालदह व डमडमच्या कारखान्यांना निदान एक परिच्छेद मिळावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे