पफिनच्या कार्यक्रमाला 'ज्ञ' शिकवणाऱ्या आजींना

प्रिय आजी,

तुमचं खोकं पोचलं. तुमच्या भाच्याने दारात आणून ठेवलं, वर चिकटपट्टीचे चार वेढे, आणि त्यावर तुमच्या अक्षरात लिहिलेलं 'टाकू नका'. ते कोणासाठी होतं, भाच्यासाठी की आमच्यासाठी, हे अजून कळलेलं नाही. आतले तुमच्या टीव्ही-साप्ताहिकाचे जुने अंक एक एक करून काढायला बसलो आणि रात्रीचे दोन वाजले. हे पत्र मी मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत तुमचे आभार मी गेली पंचवीस वर्षं मानतोय आणि दर वेळी ते 'थँक यू सो मच'पाशी येऊन थांबतात. मुलगी रविवारी येईल तेव्हा वाचून दाखवेल, अर्थ सांगेल. चार मराठी माणसांनी वाचलं तरी हरकत नाही, म्हणून उघडंच ठेवतोय.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. आम्ही मालवणचे. 1997 साली जर्सीत आलो. अमेरिकेतली न्यू जर्सी नव्हे, ही जुनी जर्सी: फ्रान्सच्या किनाऱ्यापासून 22 किलोमीटरवर, इंग्लंडपासून त्याच्या कितीतरी पट लांब, राजमुकुटाच्या अखत्यारीतली आणि तरी ब्रिटनचा भाग नसलेली. इथली भरती-ओहोटी बघून मी पहिल्या दिवशी खुळावलो होतो. बारा मीटरपर्यंतचा फरक! सकाळी जिथे होड्या तरंगत होत्या तिथे दुपारी माणसं कुत्री फिरवत होती. समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाला समुद्र कळतो, हा माझा गर्व तिथेच उतरला.

मी 'जे-कॅट' होतो. म्हणजे बेटाला गरजेचा कर्मचारी म्हणून नोकरीच्या जोरावर घर मिळालेला. जे नोकरी तेच घर, नोकरी गेली की घर गेलं. ज्या कार्यालयात कामाला होतो तिथे पहिले आठ महिने मला कोणी नावाने हाक मारली नाही. वाईट वागले असं नाही. नाव लांब होतं, कोणाला तोंडात बसवायचं नव्हतं, म्हणून आडनावाचं पहिलं अक्षर चालवून घेतलं. मीही चालवून घेतलं. बायको दिवसभर घरात, मुलगी शाळेत नवी. त्या हिवाळ्याबद्दल जास्त लिहीत नाही.

शेजारी तुम्ही. पांढरे केस, रबरी बूट, आणि दोरीवर कपडे घालताना तोंडात चिमटे धरून बोलायची सवय. मुलीने तुम्हाला पहिल्याच आठवड्यात 'आजी' करून टाकलं. अर्थ विचारल्यावर तुम्ही म्हणालात, 'मला कोणी विचारलं नाही, पण चालेल.'

तुम्ही चॅनल टेलिव्हिजनमध्ये, म्हणजे या बेटांच्या स्वतःच्या टीव्ही केंद्रात, काम केलेलं आहे हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. तेही टीव्ही बिघडला म्हणून. चित्राला मुंग्या आल्या होत्या, मी काठी घेऊन अँटेना हलवायला निघालो, आणि तुम्ही कुंपणावरून ओरडलात की हात लावू नका, बिघाड अँटेनात नाही, हवेत आहे. मग आत बोलावलंत, चहा ठेवलात आणि टेबलावर जर्सी आणि शेजारची बेटं मांडलीत. ते टेबल मला अजून दिसतं. साखरेचं भांडं म्हणजे जर्सी. कपाची बशी म्हणजे गर्न्सी. सगळ्यात वर, इंग्लंडच्या बाजूला, मिठाची बाटली: ऑल्डर्नी. टेबलाच्या पलीकडच्या कडेला उभा धरलेला चमचा म्हणजे इंग्लंडातला स्टॉकलंड हिलचा प्रक्षेपण मनोरा. आणि उजव्या हाताला लोण्याची सुरी आडवी ठेवून म्हणालात, 'हा फ्रान्स, आणि हा मध्येच बोलतो.'

त्या चहात मला सगळा इतिहास कळला. 1 सप्टेंबर 1962 रोजी तुमचं केंद्र सुरू झालं. बेटांवर बीबीसीचं चित्र 1955 पासून येत होतं, पण ते सगळं पलीकडचं. इथला माणूस, इथली बातमी, इथल्या दुकानाची जाहिरात पडद्यावर आली ती तुमच्यामुळे. ब्रिटनभरच्या आयटीव्हीच्या, म्हणजे जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीच्या, जाळ्यात प्रत्येक प्रदेशाची वेगळी कंपनी होती, आणि त्या सगळ्यांत तुमची सर्वांत लहान. बेटं सगळी मिळून लाखभर माणसं. कार्यक्रम बनवायला पैसा नाही, समुद्रातून तार आणायला त्याहून नाही. मग केलं काय, तर प्लायमाउथच्या वेस्टवर्ड कंपनीचं प्रक्षेपण हवेतच पकडायचं, त्यात आपल्या बातम्या, आपल्या जाहिराती, आपला निवेदक घालायचा आणि जर्सीतल्या फ्रीमाँट पॉइंटच्या मनोऱ्यावरून पुन्हा सोडायचं. शेजारच्या विहिरीचं पाणी आपल्या हंड्यात भरून, वर आपली तुळस घालून घरी न्यावं तसं.

मी हसलो तेव्हा तुम्हाला राग आला होता. मी तुम्हाला हसत नव्हतो. मला आमच्या घराची कौलं आठवली. काका वर, हातात अँटेना. खाली अंगणात आम्ही पोरं. आणि खिडकीतून आजी ओरडतेय, 'इलां रे इलां! ... गेलां!' मुंबईचं दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पण आमच्या कोकणातल्या त्या टोकापर्यंत चित्र यायला पुढे किती वर्षं लागली. आणि आलं ते दिल्ली-मुंबईचं. मालवणच्या बंदरातली बातमी, मालवणी बोलणारा निवेदक, आमच्या नाक्यावरच्या दुकानाची जाहिरात, असलं काही पडद्यावर येऊ शकतं हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. माणसांच्या हिशेबाने मालवण तालुक्यापेक्षा फार मोठी नसलेली ही बेटं स्वतःचं केंद्र चालवत होती, तेही मुंबईच्या आधी दहा वर्षं! मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही 'इलां रे इलां' तीन वेळा म्हणून बघितलंत. 'गेलां' तुम्हाला जास्त चांगलं जमलं.

रंगाची गोष्ट मात्र तुम्ही दर वेळी नव्याने सांगायचात, आणि दर वेळी थोडा राग वाढलेला असायचा. लंडनला आयटीव्हीवर रंग 1969 च्या नोव्हेंबरात आला. तुमच्याकडे जुलै 1976 मध्ये. सगळ्या कंपन्यांत शेवटी. कारण हीच लोण्याची सुरी. रंगीत प्रक्षेपणाच्या वरच्या लहरी समुद्रावरून येताना कधी जोरात येतात, कधी विरतात, आणि त्याच जागेवर फ्रान्सची केंद्रं घुसतात. साधा अँटेना लावला तर चित्रात दुसरंच चित्र. मग ब्रिटनच्या प्रसारण प्राधिकरणाच्या अभियंत्यांनी ऑल्डर्नीवर एक खास अँटेना उभा केला, नाव सेबर. तो जागचा हलायचा नाही, पण आत येणाऱ्या लहरी विजेच्या हिशेबाने अशा जुळवायचा की हव्या त्या दिशेचं चित्र उचललं जावं आणि नको त्या दिशेकडे कानाडोळा व्हावा. तुम्ही मिठाच्या बाटलीला दोन्ही हातांनी कान करून दाखवलेत. 'सासूसारखा,' म्हणालात, 'मान वळवत नाही, पण कोण काय बोललं ते सगळं ऐकते, आणि जे ऐकायचं नाही ते ऐकत नाही.' अभियांत्रिकीची पुस्तकं मी त्यानंतर चाळली. सासूइतकं नेमकं कोणी लिहिलेलं नाही.

खोक्यातल्या अंकांकडे येतो. चॅनल व्ह्यूअर, पुढे नाव बदलून सीटीव्ही टाइम्स. 1968 मध्ये इतर प्रदेशांचं कार्यक्रम-साप्ताहिक एक होऊन देशभरचं झालं, तुमचं मात्र वेगळं राहिलं, ते थेट 1991 पर्यंत. मी एकदा विचारलं होतं की एवढ्याशा बेटांसाठी वेगळं साप्ताहिक कशाला. तुम्ही म्हणालात की प्रश्न उलटा आहे. त्या साप्ताहिकाने केंद्र जगवलं. जाहिरातींतून मिळत होतं ते पुरत नव्हतं, त्याला साप्ताहिकाच्या खपाने हातभार लावला. कागदाने पडदा पोसला म्हणायचं. अंकांवर तुमच्या पेन्सिलच्या खुणा आहेत: एखाद्या कार्यक्रमापुढे टिक, एखाद्यापुढे फुली, आणि एका फ्रेंच बातमीपत्राच्या वेळेखाली दोन रेघा. बेटांवर जुनी माणसं अजून नॉर्मन फ्रेंचच्या वळणाचं बोलायची, आणि तुमच्या केंद्रावरून फ्रेंच बातम्याही जायच्या, हे मला त्या रेघांनीच कळलं. तुमच्या आईसाठी होत्या का त्या?

1991 चा किस्साही त्यातलाच. प्रत्येक प्रदेशाचा परवाना बंद पाकिटातल्या बोलीवर द्यायचं ब्रिटिश सरकारने ठरवलं. तुमच्या कंपनीने बोली लावली वर्षाला 1,000 पौंड. समोरच्या गटाने 1,02,000. आणि परवाना हजारवाल्यांनाच मिळाला, कारण समोरचा गट कार्यक्रमांच्या दर्जाच्या कसोटीत बसला नाही. तुम्ही हा किस्सा सांगताना हसायचात कमी आणि डोळे पुसायचात जास्त, म्हणून मी दुसऱ्यांदा विचारला नाही. लिलावावर माझा विश्वास तसाही नाही, पण या एका लिलावाला सलाम.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

1998. मुलगी सहा वर्षांची होणार होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिने बजावलंय. एवढं सांगतो की सुरुवातच 'ज्ञ'ने आहे. शाळेत त्या नावाचे चार महिन्यांत पाच अवतार झाले होते. शिक्षिका हजेरीला तिच्यापाशी आली की थांबायची, आणि वर्गाला कळायचं की आता तिचा नंबर. मुलीने आम्हाला घरी सांगितलं की तिला 'जेन' म्हणा. आम्ही दोघं त्या रात्री काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कपडे वाळत घालत होतात. मला बोलावून म्हणालात, मुलीचं नाव सांगा, सावकाश. मी सांगितलं. पुन्हा. मी पुन्हा सांगितलं. तोंडातले चिमटे काढलेत, खिशातली पेन्सिल काढलीत, आणि साप्ताहिकाच्या एका जुन्या अंकाच्या मागच्या पानावर काहीतरी लिहून घेतलंत. मला वाटलं, आजींना शिकायचंय.

ऑस्कर पफिन बेटावर सगळ्यांना ठाऊक. पफिन नावाच्या समुद्रपक्ष्याचा बाहुला, काळं-पांढरं अंग, रंगीत चोच, आणि चेहरा असा की कोणीतरी नुकतंच त्याचं जेवण उचलून नेलंय. 1963 पासून तो निवेदकांच्या शेजारी बसायचा आणि बेटांवरच्या पोरांचे वाढदिवस वाचले जायचे. लाख-दीड लाख लोकसंख्येत हे जमतं. मुंबईत जमवायचं म्हटलं तर पफिन म्हातारा होईल. मुलगी रोज तो बघायची, पण आपलं नाव पाठवा असं तिने कधी म्हटलं नाही. कारण आम्हाला कळत होतं.

वाढदिवसाच्या दिवशी तुम्ही न सांगता आलात, टीव्ही लावलात आणि खुर्ची ओढून बसलात. बायको स्वयंपाकघरात पोळ्या करत होती. एकेक कार्ड वाचलं जात होतं. मग निवेदिकेने एक कार्ड हातात घेतलं, अगदी अर्धा श्वास थांबली, आणि आमच्या मुलीचं नाव उच्चारलं. 'ज्ञ'सकट. 'जे' नाही, 'ग्या' नाही, आपला मराठी 'द्न्य'. आमच्या कार्यालयात आठ महिन्यांत माझ्या साध्या नावाचं जे झालं नव्हतं ते सहा वर्षांच्या पोरीच्या जोडाक्षराचं झालं, सगळ्या बेटांसमोर. पोळी तव्यावर करपली. तो वास आला की मला अजून पफिन दिसतो.

पुढे कधीतरी तुम्ही सांगितलंत की कार्डावर नावाखाली उच्चार फोड करून लिहिला होता, आणि तेवढ्याने भागणार नाही म्हणून जुन्या ओळखीच्या जोरावर केंद्रात फोन करून निवेदिकेकडून तीनदा म्हणवून घेतला होता. फोनवर! तुम्ही स्वतः आदल्या दिवशी दोरीपाशी शिकलेला 'ज्ञ' तुम्ही फोनवर शिकवलात.

शाळेत सोमवारी तिला 'जेन' कोणी म्हणालं नाही. अर्ध्या वर्गाने कार्यक्रम बघितला होता. शिक्षिकेनेही, बहुतेक.

त्यानंतरचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. नोव्हेंबर 2010 मध्ये फ्रीमाँट पॉइंटवरचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं. 2011 मध्ये कंपनी आयटीव्हीने विकत घेतली. बातम्या अजून होतात, पण 'आमचं' हा शब्द तुम्ही त्या वर्षानंतर वापरायचं सोडलंत हे माझ्या लक्षात आलं होतं. मी तेव्हा काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

खोक्यात एक गोष्ट नाही. 1976 चे जूनपर्यंतचे अंक आहेत, सप्टेंबरपासूनचे आहेत, मधले नाहीत. नेमके रंग आला त्या वेळचे. कोणाला दिलेत, की कुठे लपवलेत? रविवारी विचारायला येतो. येताना खोबऱ्याच्या वड्या आणतोय, तुमच्या डॉक्टरांच्या मर्जीनुसार साखर कमी घातलेल्या, त्यामुळे फार आशा ठेवू नका. आणि तुमच्या नव्या खोलीतल्या टीव्हीचं चित्र पुन्हा बिघडतंय म्हणे. मी येईपर्यंत कोणाला अँटेनाला हात लावू देऊ नका.

तुमचा,
दोरीपलीकडचा शेजारी