पुरावा पहिल्या दिवसापासून होता, घोडे अडले सरकारी वकिलांपाशी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील वर्णद्वेषी हिंसेविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा अहमॉड आर्बरी या कृष्णवर्णीय तरुणाच्या हत्येचा दाखला हमखास येतो. सोबत एक ठरलेले वाक्यही येते, की मोबाइलवरचा व्हिडिओ बाहेर आला म्हणून न्याय मिळाला. हे अर्धेच खरे आहे. तो व्हिडिओ पोलिसांनी घटनेच्या दिवशीच पाहिला होता. तरीही पहिली अटक व्हायला ७४ दिवस लागले. ते कशात गेले, हे सांगण्यासाठी हे पत्र.

२३ फेब्रुवारी २०२० रोजी, जॉर्जिया राज्यातील ब्रन्सविकजवळच्या सटिला शोअर्स या वसाहतीत २५ वर्षांचा आर्बरी पळत चालला होता. ग्रेगरी मॅकमायकल आणि त्याचा मुलगा ट्रॅव्हिस बंदुका घेऊन पिकअप ट्रकमधून त्याच्या मागे लागले. शेजारी विल्यम ब्रायन दुसरा ट्रक घेऊन सामील झाला आणि चित्रणही त्यानेच केले. सुमारे पाच मिनिटे पाठलाग झाला, मग ट्रॅव्हिसने शॉटगनमधून तीन गोळ्या झाडल्या. तिघेही गोरे. वसाहतीत बांधकाम चालू असलेल्या एका घरात आर्बरी शिरला होता, म्हणून तो चोर, असा त्यांचा दावा. त्या घरातल्या कॅमेऱ्यांनी तो आत फिरताना टिपला आहे, काही उचलताना नाही.

यातला ग्रेगरी हा निवृत्त पोलीस. शिवाय ब्रन्सविकच्या जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयात त्याने अनेक वर्षे तपासनीस म्हणून काम केले होते. हत्येनंतर थोड्याच वेळात त्याने या सरकारी वकील जॅकी जॉन्सन यांना फोन करून सल्ला मागणारा निरोप ठेवला. पुढे तो निरोप न्यायालयात पुरावा म्हणून ऐकवला गेला.

अमेरिकेत जिल्हा सरकारी वकील हे बहुतेक ठिकाणी निवडून येणारे पद आहे. खटला भरायचा की नाही, कोणत्या कलमांखाली, हे बहुतांशी त्या एका व्यक्तीच्या हातात असते. अटकेचा अधिकार पोलिसांना असतो खरा, पण वादग्रस्त हत्येत ते सरकारी वकिलांचा कल पाहूनच पाऊल उचलतात. त्यामुळे ही व्यक्ती जर आरोपीची जुनी वरिष्ठ असेल, तर फाईल तिथेच बसते. जॉन्सन यांनी प्रकरणातून अंग काढून घेतले. नियमाप्रमाणे राज्याच्या महान्यायवाद्यांनी शेजारच्या वेक्रॉस विभागाचे जॉर्ज बार्नहिल यांना नेमले. पण हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, नेमणूक होण्याआधीच, बार्नहिल यांनी पोलिसांना अटकेची गरज नसल्याचे सांगितले होते, आणि महान्यायवाद्यांच्या कार्यालयाला याची कल्पना नव्हती. बार्नहिल यांचा मुलगाही जॉन्सन यांच्याच कार्यालयात सरकारी वकील. आर्बरीची आई वांडा कूपर-जोन्स यांनी यावर हरकत घेतली, तेव्हा एप्रिलमध्ये बार्नहिल बाजूला झाले. जाताना मात्र त्यांनी पोलिसांना पत्र लिहून ठेवले, की व्हिडिओ पाहता ही कायदेशीर नागरी अटक, म्हणजे सामान्य नागरिकाने केलेली अटक, व स्वसंरक्षण आहे. म्हणजे ज्या चित्रणावर पुढे तिघांना शिक्षा झाली, तेच चित्रण आधी त्यांना सोडून देण्याचे कारण म्हणून वापरले गेले होते.

तिसरे वकील टॉम डर्डन. त्यांच्याकडे प्रकरण आले तेव्हा करोनामुळे ग्रँड ज्युरी, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणारी नागरिकांची मंडळे, बंद होत्या. ५ मे रोजी चित्रण सार्वजनिक झाले आणि त्यांनी राज्याच्या तपास विभागाला, म्हणजे जॉर्जिया ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशनला पाचारण केले. ७ मे रोजी मॅकमायकल पिता-पुत्र तुरुंगात होते. स्थानिक लागेबांधे नसलेल्या तपासनीसांना दोन दिवस पुरले. चौथ्या वकील, कॉब काउंटीच्या जॉयेट होम्स, त्यानंतर आल्या. चित्रणाचे मोल मी कमी करत नाही. पण त्याने नवा पुरावा दिला नाही, फाईल गावाबाहेर नेली. आणि त्याआधी ब्रन्सविकच्या स्थानिक दैनिकाने पोलीस अहवाल मिळवून छापला होता, हे वृत्तपत्रातल्या पत्रात नोंदवायलाच हवे.

आता ‘नागरी अटक’ या बचावाविषयी. जॉर्जियाचा हा कायदा १८६३ च्या संहितेतला, गुलामगिरी चालू असतानाचा. त्यात खासगी व्यक्तीला दोन प्रसंगी अटक करता येत असे: गुन्हा डोळ्यांसमोर किंवा तात्काळ माहितीत घडला असेल तर, आणि गंभीर गुन्हा करून कोणी पळत असेल व संशयाला सबळ आधार असेल तर. बचावपक्षाची अडचण इथेच झाली. आर्बरीने त्या दिवशी काही चोरले का, हे आपल्याला ठाऊक नसल्याचे ग्रेगरीने पोलिसांना आधीच सांगून ठेवले होते. ट्रॅव्हिसने उलटतपासणीत कबूल केले, की आर्बरीने ना शस्त्र दाखवले ना धमकी दिली. न्यायाधीश टिमोथी वॉमस्ली यांनी ज्युरीला स्पष्ट केले, की अटक गुन्ह्यालगतच व्हायला हवी. मागच्या कुठल्या दिवसाच्या संशयावर ती करता येत नाही. आणि अटकच बेकायदा ठरली की स्वसंरक्षणही कोसळते, कारण स्वतः हल्ला सुरू करणाऱ्याला तो बचाव घेता येत नाही. सरकार पक्षाच्या लिंडा डुनिकोस्की यांनी खटला याच साखळीवर उभा केला. वर्णद्वेषाचा उल्लेख त्यांनी जवळजवळ टाळला. मला ही हुशारी वाटते. बारा ज्युरींत अकरा गोरे होते; द्वेष सिद्ध करायला गेले असते तर खटला आरोपींच्या मनात काय होते या वादात रुतला असता.

ज्युरी अशी का निवडली गेली, हा प्रकार तर चीड आणणारा आहे. बचावपक्षाने पात्र ठरलेल्या बारापैकी अकरा कृष्णवर्णीयांना वगळले. केवळ वर्णावरून ज्युरी वगळायला सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सरकार पक्षाला मनाई केली आणि १९९२ मध्ये, जॉर्जियातल्याच एका खटल्यात, ती बचावपक्षालाही लागू केली. पण वकिलाने वर्णाशी संबंध नसलेले कोणतेही पटण्याजोगे कारण दिले की हरकत टिकत नाही. वॉमस्ली यांनी हेतुपुरस्सर भेदभाव दिसतो असे म्हटले आणि ती ज्युरी तशीच ठेवली. पळवाट आजही तिथेच आहे.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी तिघे दोषी ठरले. त्यातही फरक आहे. हेतुपुरस्सर खुनाचा आरोप एकट्या ट्रॅव्हिसवर सिद्ध झाला. बाकी दोघांना ज्या कलमाने धरले, त्यात मारण्याचा हेतू दाखवावा लागत नाही. गंभीर गुन्हा करत असताना मृत्यू झाला एवढे पुरते. ट्रक आडवे घालून माणसाला कोंडणे हाच तो गंभीर गुन्हा. बंदुकीला हात न लावलेला ब्रायन त्यामुळे सुटला नाही. मॅकमायकल पिता-पुत्रांना पॅरोलविना जन्मठेप झाली, ब्रायनला तीस वर्षांनंतर पॅरोलची शक्यता ठेवून.

मग द्वेषमूलक गुन्ह्याचा दुसरा खटला कशाला? कारण हत्या झाली तेव्हा जॉर्जियात तसा लागू होण्याजोगा कायदाच नव्हता. २००० साली केलेला कायदा संदिग्ध म्हणून २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. नवा कायदा या हत्येनंतर, जून २०२० मध्ये आला, आणि फौजदारी कायदा मागच्या तारखेने लावता येत नाही. म्हणून केंद्राने नागरी हक्कांचे कलम २४५ वापरले. त्यात दोन गोष्टी एकत्र सिद्ध कराव्या लागतात: हल्ला वर्णामुळे झाला, आणि पीडित व्यक्ती सार्वजनिक सोय वापरत असल्यामुळे झाला. इथे ती सोय म्हणजे रस्ता. त्यामुळे वसाहतीतले रस्ते काउंटीचे आहेत, हेसुद्धा साक्षीपुराव्याने दाखवावे लागले. वर्णासाठी आरोपींचे जुने संदेश आणि समाजमाध्यमांवरच्या नोंदी ज्युरीपुढे आल्या. त्याआधी तडजोडीचा एक प्रस्ताव होता: गुन्हा कबूल करा, पहिली तीस वर्षे केंद्रीय तुरुंगात काढा. केंद्रीय तुरुंग राज्याच्या तुरुंगांपेक्षा सुसह्य समजले जातात. आर्बरीच्या आई-वडिलांनी कडाडून विरोध केला आणि न्यायाधीशांनी प्रस्ताव फेटाळला. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी तिघे तिथेही दोषी ठरले.

याच जॉर्जियात २५ जुलै १९४६ रोजी मूर्स फोर्ड पुलाजवळ जमावाने दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना गोळ्या घालून मारले. केंद्रीय ग्रँड ज्युरीने शंभरावर साक्षीदार तपासले, तरी हत्येचा आरोप कोणावरच ठेवला गेला नाही. त्या साक्षी खुल्या करता येणार नाहीत असा निकाल अपील न्यायालयाने २७ मार्च २०२० रोजी दिला. म्हणजे आर्बरीची फाईल बार्नहिल यांच्या टेबलावर होती, त्याच आठवड्यांत.

कायदे बदलले, हे खरे. मे २०२१ मध्ये जुना नागरी अटकेचा कायदा रद्द झाला; आता दुकानदार वगैरे मोजक्यांनाच संशयिताला थांबवता येते, आणि तासाभरात पोलीस आले नाहीत तर सोडावे लागते. मार्च २०२२ मध्ये झुंडबळी हा केंद्रीय गुन्हा ठरला, कमाल शिक्षा तीस वर्षे. यांपैकी एकही कायदा फाईल कोणाच्या टेबलावर जाते या प्रश्नाला हात घालत नाही. जॉन्सन यांच्यावर शपथभंग आणि पोलिसांच्या कामात अडथळा असे दोन आरोप ठेवले गेले होते. त्यांनी दोन्ही नाकारले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी अडथळ्याचा आरोप पुराव्याअभावी आणि शपथभंगाचा आरोपपत्रातल्या दोषामुळे काढून टाकला. ज्युरीपुढे तो विषय निर्णयासाठी गेलाच नाही.

आपला,
एक वाचक