लेननच्या आधीची डाकोटा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला न्यूयॉर्कच्या डाकोटा बिल्डिंगवरचा लेख वाचला, चांगला आहे, पण अर्ध्याच्या वर जागा बीटल्सवाल्या गायक जॉन लेननलाच गेली. 8 डिसेंबर 1980 ला तिच्या गेटपाशी त्याला गोळ्या घातल्या हे खरंच आहे, पण बिल्डिंगचं काम सुरू होऊन तोवर शंभर वर्षं झाली होती ना भाऊ. अन् बांधणाऱ्या एडवर्ड क्लार्कले तुम्ही नुसतं उद्योगपती म्हणून सोडून दिलं. कायचा उद्योग, तर सिंगर शिलाई मशीनचा!

हा मूळचा वकील. सिंगरच्या पेटंटच्या भांडणात वकिली केली अन् त्याच्या बदल्यात कंपनीत भागीदारीच घेतली. मशीन महाग, साध्या घरात घेणार कोण, म्हणून 1856 च्या सुमारास यानं हप्त्यानं विकणं सुरू केलं, थोडे पैसे देऊन मशीन घरी न्या, बाकीचे दर महिन्याला भरा.

आमच्या आजीची सिंगर पण हप्त्याचीच, कापसाचा चुकारा आला की आधी मशीनचा हप्ता बाजूला निघे म्हणते माय. सोनेरी अक्षरं हात लागून लागून पुसली, पायडल कुरकुरते, पण उशांच्या खोळी अजून तिच्यावरच शिवणं होते. (आजीचा पैसा डाकोटात लागला नाही बरं, बिल्डिंग 1884 ची आहे.)

तेव्हा तिथले श्रीमंत एका छताखाली चार बिऱ्हाडं म्हटलं की गरिबाची चाळ समजत. क्लार्कनं त्यायच्यासाठीच 65 घरं काढली, एकासारखं दुसरं नाही, लिफ्ट, स्वतःचं वीजघर, खाली जेवणाचा हॉल, अन् उघडली तेव्हा सारी भरलेली. तो मात्र 1882 लेच गेला. मजा म्हणजे हप्तेवाल्याच्या बिल्डिंगीत घर हप्त्यानं नाही, भाड्यानंच भेटे, रहिवाशांच्या मालकीची झाली ती 1961 मध्ये.

अन् न्यूयॉर्कच्या वस्तीपासून ती पश्चिमेकडच्या डाकोटा मुलखाइतकी दूर म्हणून लोकायनं हे नाव ठेवलं, असं तुम्ही लिहिलं. ही गोष्ट छापून आली 1933 मध्ये, म्हणजे जवळपास पन्नास वर्षांनी. क्लार्कलेच पश्चिमेकडच्या नव्या मुलखांच्या नावांची हौस होती, ते जास्त पटते. आमच्या इकडं गावाबाहेरच्या प्लॉटिंगले पोट्टे दुबई म्हणतात, पन्नास वर्षांनी त्याचंही काय छापून येईल काय माहीत.

आपला नेहमीचा वाचक,
एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ