वीटभट्टीवरून माणसं परतण्याआधी: कातकरी वाडीतल्या घरांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात एका कातकरी वाडीवर सात कुटुंबांची घरं उभी करायची आहेत. घरकुलं मंजूर आहेत, सरकारी पैसा ठरलेला आहे. मग देणगी कशाला, हा पहिला प्रश्न तुमच्या मनात येईल आणि तो यायलाच हवा. त्याचं उत्तर नीट दिल्याशिवाय कुणी खिशात हात घालू नये, म्हणून हे पत्र जरा लांबलं आहे.

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमाती केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदलेल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत राज्यात कातकरी २ लाख ८५ हजारांच्या घरात होते. रायगड, ठाणे आणि आताचा पालघर हा त्यांचा मुख्य पट्टा. १५ नोव्हेंबर २०२३ ला अशा गटांसाठी सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेत अशा कुटुंबाला घरासाठी २ लाख रुपये मिळतात, शौचालयाचे १२ हजार वेगळे, शिवाय स्वतःच्या घरावर केलेल्या कामाची नव्वदेक दिवसांची रोजगार हमीची मजुरी. नेहमीच्या ग्रामीण घरकुलाचा आकडा सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार होता, हे लक्षात घेतलं तर सरकारने काहीच केलं नाही अशी ओरड आम्हाला करायची नाही.

अडचण आहे ती मोसमाची.

गणपती-दसऱ्याच्या सुमाराला वीटभट्टीचा मुकादम वाडीवर येतो आणि उचल देऊन जातो. त्या पैशात सण होतो, जुनी देणी फिटतात, आणि दिवाळी झाली की नवरा, बायको, पोरं, कोंबड्या, भांडी असं सगळं टेम्पोत चढतं. काही कुटुंबं कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. मधे शिमग्याला चार दिवस येऊन जातात, ते सोडलं तर परत यायचं मे महिन्याच्या शेवटी, मृग तोंडावर आल्यावर. म्हणजे कोकणात ज्या सात महिन्यांत घर बांधता येतं, नेमके तेच सात महिने घराचा मालक दुसऱ्याच्या विटा पाडत असतो. तो वाडीवर असतो तेव्हा पाऊस असतो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस. त्यात वाळू भिजते, सिमेंट दगड होतं आणि वाडीच्या वाटेवर बैलगाडीसुद्धा चढत नाही.

घरकुलाचा हप्ता मात्र टप्प्याटप्प्याने येतो. जोतं झालं, फोटो काढा. भिंती लिंटलपर्यंत आल्या, फोटो काढा. छप्पर चढलं, फोटो काढा. फोटोत घर हवं आणि घरापाशी मालक हवा. कामासाठी थांबावं तर भट्टीची उचल अंगावर राहते, आणि जावं तर हप्ता अडकतो. यातून जी वाट निघते ती आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. घर लाभार्थ्याने स्वतः बांधायचं, ठेकेदार नेमायचा नाही, असा घरकुलाचा नियम आहे. पण कुणीतरी ‘मी बघतो सगळं’ म्हणून पुढे येतो, बँकेतून पैसे काढताना सोबत जातो, जोतं आणि दोन-तीन फूट भिंत उभी करतो आणि दिसेनासा होतो. अशी अर्धी घरं बघायला लांब जायला नको. भिंतीतून पिंपळ उगवलेला असतो आणि शेजारी कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या झोपडीत तेच कुटुंब राहत असतं. दुसऱ्यांदा घरकुल मागायला गेलं की नाव यादीत ‘लाभ घेतलेला’ म्हणून दिसतं.

यावर आम्हाला सुचलेला, आणि जाणकारांकडून तपासून घेतलेला, उपाय म्हणजे कारखान्यात तयार होणाऱ्या भागांचं घर. जोतं दसरा ते दिवाळीच्या मधल्या दिवसांत भरायचं, माणसं वाडीवर असतात तेव्हा. ती भट्टीवर गेली की भिंतीचे पॅनल, लोखंडी सांगाडा, दारं-खिडक्या आणि छप्पर कारखान्यात तयार होत राहतील. मेअखेरीस कुटुंब परतलं की पंधरवड्याच्या आत जोडणी. दुसरा आणि तिसरा फोटो मालकासकट एकाच पंधरवड्यात निघतो.

‘तयार घर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कंटेनर येतो, आणि कंटेनरबद्दल आमच्या भागात मन कडू आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वाचलेल्यांना आधी चौक गावाजवळ कंटेनरच्या घरांत ठेवलं आणि पुढे सिडकोने कायमची घरं बांधली. संकटात डोक्यावर ताबडतोब छत मिळालं, त्याची किंमत आम्ही कमी लेखत नाही. पण पत्र्याच्या डब्यात एप्रिल-मे काढणं काय असतं ते ज्याने काढला त्यालाच विचारावं. आम्ही मागतोय ते कंटेनर नव्हेत.

रांचीच्या लाइट हाउस या सरकारी घरबांधणी प्रकल्पात अख्ख्या खोल्या कारखान्यात ओतून क्रेनने एकावर एक चढवल्या. ते तंत्र शहरात ठीक. आमच्या वाडीवर क्रेन सोडा, शेवटच्या चढाला भरलेला ट्रकसुद्धा येत नाही. म्हणून आम्ही सुट्या पॅनलचा पर्याय धरला आहे. आठ फूट लांब, दोन फूट रुंद पॅनल. आत थर्माकोलचे मणी मिसळलेलं सिमेंट, दोन्ही अंगांना फायबर सिमेंटचा बोर्ड. चार जणांनी उचलावा आणि वाट चढावी. एकाच्या खाचेत दुसऱ्याची कड बसते, सांध्यावर जाळीची पट्टी आणि लांबी, म्हणजे पुट्टी. वाळवी लागत नाही आणि ऊन पत्र्यासारखं आत येत नाही.

नमुन्याचे दोन पॅनल आम्ही गेल्या पावसाआधी वाडीवर नेऊन उभे केले आणि मुद्दाम तसेच पावसात सोडले. पोरांनी त्यावर दगड मारून बघितले. एका आजीने कोयत्याच्या मुठीने ठोकलं, कान लावला आणि विचारलं, ‘ह्यात खुंटी कुठं ठोकायची?’ प्रश्न बिनतोड होता. या भिंतीत खिळा ठोकला तर बोर्ड फुटतो. ड्रिलने भोक पाडून, प्लग घालून स्क्रू बसवावा लागतो. कातकरी घरात मासे धरायच्या आसूपासून लेकराच्या झोळीपर्यंत सगळं टांगलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक खोलीत सांगाड्याच्या लोखंडालाच जोडलेली आडवी पट्टी आणि झोळीसाठी वर कडी, हे आता आराखड्यात आलं आहे. कागदावर काम करणाऱ्या इंजिनिअरला ते सुचलं नव्हतं, आम्हालाही नाही.

चुलीचंही तसंच. स्वस्तात मिळणारे पफ पॅनल आम्ही नाकारले, कारण आतला फोम पेटला तर त्याचा धूर जीव घेतो आणि या घरांत लाकडं जळणारच. गॅसचं सिलिंडर कागदोपत्री आहे, भरून आणायला पैसे नाहीत. म्हणून २६९ चौरस फुटांच्या घराला मागच्या बाजूने पडवी: कुडाची अर्धी भिंत, वर पत्रा, धूर जायला मोकळी जागा. ती पडवी बायका स्वतः बांधणार आहेत आणि ती त्या आमच्यापेक्षा चांगली बांधतील.

वाऱ्याचा विचारही सोडलेला नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा जिल्हाभर पत्रे पतंगासारखे उडाले. पॅनलचं घर विटांच्या घरापेक्षा हलकं, त्यामुळे वादळात त्याची भिस्त पकडीवर. सांगाड्याचे बोल्ट जोतं भरतानाच काँक्रीटमध्ये रोवले जातील. मागाहून भोकं पाडून बसवलेले आम्ही चालवून घेणार नाही. जोतं जमिनीपासून दोन फूट वर, आणि छपराची वळचण इतकी बाहेर की पागोळ्या भिंतीच्या सांध्यावर पडू नयेत. या तंत्रात गळती होते ती सांध्यातूनच, हे जिथे जिथे चौकशी केली तिथे ऐकायला मिळालं.

जगात हे पहिल्यांदा होत नाही. कॅनडात ओंटारिओच्या उत्तरेला अट्टावापिस्कॅट ही क्री आदिवासींची वस्ती आहे, जिथे बारमाही रस्ता जात नाही. घरांच्या दुरवस्थेमुळे तिथल्या प्रमुखांनी ऑक्टोबर २०११ मध्ये आणीबाणी जाहीर केली. त्यानंतर २०१२ मध्ये कारखान्यात बनवलेली २२ घरं तिकडे गेली ती हिवाळ्यात, बर्फ गोठून जो रस्ता तयार होतो त्या रस्त्याने. मोसमाची खिडकी त्यांनाही होती, फक्त ती थंडीत उघडते. त्याच वस्तीत २००९ साली घरांत सांडपाणी शिरल्यावर तात्पुरते म्हणून कामगारांचे ट्रेलर आणले होते आणि पुढे कित्येक वर्षं लोक त्यातच राहिले. ‘तात्पुरतं’ म्हणून आदिवासींना जे दिलं जातं ते किती टिकतं, याचा अनुभव दोन्हीकडे सारखाच दिसतो.

एका हितचिंतकांनी सुचवलं होतं की ही घरं सुटी करता येतात, तेव्हा जमीनमालकाने उठवलं तर घर उचलून दुसरीकडे न्यावं. सूचना चांगल्या मनाने केलेली होती, पण आम्हाला मान्य नाही. जे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या त्या जागेवर राहतं त्याचं घर हलतं ठेवण्यापेक्षा जागा त्याच्या नावावर व्हायला हवी. या सात कुटुंबांच्या जागेचे कागद झाले आहेत, म्हणूनच सुरुवात त्यांच्यापासून. त्याच वाडीतली बाकीची घरं अजून दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहेत. त्यांच्या अर्जांचा पाठपुरावा चालू आहे, आणि महसुली कामाचा अनुभव असलेल्या निवृत्त तलाठी किंवा सर्कल अधिकाऱ्यांनी महिन्यातून एक दिवस दिला तर तो आम्हाला पैशाहून मोलाचा आहे.

आता पैशाचं. आलेल्या दरपत्रकांनुसार पाया, पॅनल, सांगाडा, वाहतूक आणि जोडणी धरून सरकारी अनुदानाच्या वर दर घरामागे साधारण सव्वा लाख रुपये कमी पडतात. सात घरांचे पावणेनऊ लाख. रोजगार हमीची मजुरी आम्ही या हिशेबात धरलेलीच नाही, कारण कारखान्यात झालेल्या कामाची हजेरी वाडीवर लागणार नाही. जोत्याच्या आणि शौचालयाच्या खड्ड्याच्या कामाची जी काही मजुरी निघेल ती त्या त्या कुटुंबाची. साहित्याचं बिल लाभार्थ्याच्या नावाने होईल, आणि जोडणी वाडीतल्याच तरुणांकडून, कारखान्याच्या मिस्त्रीच्या हाताखाली. यातून दोन-चार पोरं हे काम शिकली तर पुढच्या वर्षी भट्टीऐवजी दुसऱ्या वाडीवर घरं जोडायला जातील, अशी आशा आहे. ती आशाच आहे, हमी नव्हे.

हे सारं घरकुलाच्या नियमात बसतं असं लेखी उत्तर आम्ही पंचायत समितीकडे मागितलं आहे. ते हातात आल्याशिवाय कारखान्याला एक रुपयाही जाणार नाही. उत्तर नकारार्थी आलं तर देणगीदारांना कळवू आणि ज्यांना पैसे परत हवेत त्यांना परत करू.

काहींनी विचारलं की बिनव्याजी पैसे देतो, हप्ता आला की परत करा, चालेल का? नाही चालणार. लोकांकडून अशा परतफेडीच्या बोलीवर रकमा घेणं कायद्याच्या अंगाने अडचणीचं आहे. द्यायचं ते देणगी म्हणून द्या. शक्यतो चेकने किंवा थेट आमच्या मंडळाच्या खात्यावर. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय नागरिकत्व असलेल्यांची देणगी चालेल. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या माणसांकडून आम्हाला पैसे घेता येत नाहीत, कारण त्यासाठी लागणारी नोंदणी आमच्याकडे नाही. त्यांनी इथल्या नातेवाइकांच्या नावाने पाठवायचा आडमार्ग कृपा करून सुचवू नये.

जोत्यांसाठीचा पैसा दसऱ्याच्या आत लागेल, पॅनलच्या ऑर्डरचा शिमग्यापर्यंत. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल आणि वाडीच्या बैठकीत वाचून दाखवला जाईल; देणगीदारांपैकी कुणाला त्या बैठकीला यायचं असेल तर जरूर यावं.

पैसे देणं जमत नसेल तर ट्रक द्या. पनवेल, खोपोली, पेण भागातल्या वाहतूकदारांनी मेअखेरीस एकेक खेप दिली तरी मोठा खर्च वाचतो. स्ट्रक्चरल इंजिनिअर मंडळींनी बोल्ट आणि वाऱ्याचा भार आमच्यासाठी एकदा पुन्हा तपासून द्यावा. आणि ज्यांच्या खांद्यात बळ आहे त्यांनी पॅनल चढवायला यावं. हातमोजे आम्ही देऊ. शेवटच्या चढावर मुरूम सुटा आहे, तेव्हा चपला नकोत, जाड तळव्याचे बूट घालून या, आणि सकाळी सहाला पोहोचा; नऊनंतर पॅनलला हात लावणं उन्हाने कठीण होतं.